हातात ताकद आहे, तरी ग्लास निसटतो, असं का? उत्तर जोतिबाच्या सासनकाठीपाशी सापडतं

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गेलात की मान आपोआप वर होते. कोल्हापूरपासून सतरा-अठरा किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात वाडी रत्नागिरीचा हा डोंगर. पायऱ्या, दीपमाळा, शिखरं सगळं गुलालाने गुलाबी झालेलं, आणि त्या सगळ्याच्या वर डुलणाऱ्या सासनकाठ्या. तीस-चाळीस फुटांच्या, काही त्याहूनही उंच. मानाच्या काठ्या १०८ असं सांगतात, पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीचा. हलगी-पिपाणीच्या ठेक्यावर काठी नाचवली जाते, ‘चांगभलं’चा गजर होतो आणि मुठीमुठीने गुलाल-खोबरं उधळलं जातं.

आपण सगळे वर बघतो. एकदा खाली बघा. काठी पेलणाऱ्याच्या आणि काठीच्या दोऱ्या धरणाऱ्यांच्या हातांकडे.

बांबू उंच, वरच्या टोकाला वारा, खाली माणूस नाचतोय. तोल जाऊ नये म्हणून काठीला दोऱ्या बांधलेल्या असतात आणि चहूबाजूंनी माणसं त्या ताणून धरतात. एप्रिलचं ऊन, तळहाताला घाम, त्यावर गुलालाचा थर. काही वेळाने दोरी धरलेला माणूस एक हात सोडतो, तळवा धोतराला किंवा खांद्यावरच्या टॉवेलला पुसतो आणि पुन्हा धरतो. मग दुसरा हात. ही गोष्ट त्याला कुणी शिकवलेली नसते. दोरी थोडी सरकायला लागली, हे त्याच्या बोटांना त्याच्याआधी कळलेलं असतं.

माझे एक मामा वर्षानुवर्षं आमच्या गावच्या काठीची अशी दोरी धरायचे. आता सत्तरीजवळ आलेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातातून स्टीलचे ग्लास निसटायला लागले. आधी घरच्यांनी चेष्टा केली, मग काळजी. एका आरोग्य शिबिरात त्यांच्या हातात एक यंत्र दिलं, ‘जोर लावून दाबा’ म्हणाले, काटा ३१ किलोवर गेला. ‘वयाच्या मानाने झकास आहे, हाताला काही झालेलं नाही’ असं सांगून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी चहाचा कप फुटला.

मग त्या यंत्राने मोजलं तरी काय?

दाबणं वेगळं, धरणं वेगळं

शिबिरातल्या त्या यंत्राला डायनॅमोमीटर म्हणतात. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रकार ‘जामार’, १९५४ मध्ये चार्ल्स बेकटॉल यांनी वर्णन केलेला. दोन दांड्या असतात, मूठ आवळून त्या एकमेकींकडे ओढायच्या. किती जोर लागला ते किलोमध्ये दिसतं. बसायचं कसं, कोपर काटकोनात ठेवायचं, तीनदा दाबून सरासरी काढायची, हे सगळं ठरलेलं आहे. आकडा महत्त्वाचा असतो यात शंका नाही. वयानुसार स्नायू झिजण्याचं निदान करताना आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये पुरुषांसाठी २८ किलो आणि स्त्रियांसाठी १८ किलो ही रेषा धरली. १७ देशांतल्या, भारतासह, सुमारे १ लाख ४० हजार लोकांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात मुठीची ताकद कमी असण्याचा संबंध लवकर मृत्यू येण्याशीही दिसला. म्हणजे मुठीवरून बऱ्याच गोष्टी कळतात.

पण हे यंत्र आपण ज्या दिशेने दाबतो त्याच दिशेचा जोर मोजतं. ते हातातून निसटायचा प्रयत्न करत नाही. ग्लास करतो. ग्लास खाली ओढला जात असतो आणि बोटं मात्र त्याला बाजूने दाबत असतात. बाजूच्या दाबाने खाली जाणारी वस्तू थांबते ती फक्त घर्षणामुळे.

शाळेतलं गणित आठवा, सोपं आहे. पाण्याने भरलेला एक किलोचा तांब्या अंगठा आणि बोटांच्या मध्ये धरलाय. दोन बाजूंनी घर्षण मिळतं. समजा पृष्ठभाग असा आहे की जेवढा दाब तेवढंच घर्षण. मग प्रत्येक बाजूने अर्ध्या किलोएवढा दाब पुरतो. आता तोच तांब्या तेलकट हाताने धरला आणि घर्षण दाबाच्या पाव पटीवर आलं, तर प्रत्येक बाजूने दोन किलोएवढं दाबावं लागेल. वजन तेच, हात तोच, स्नायू तेच आणि कष्ट चौपट. म्हणजे ‘याच्या हातात ताकद किती?’ आणि ‘याच्या हातात वस्तू राहील का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांच्या मध्ये वस्तूचा पृष्ठभाग उभा असतो.

मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये हा फरक थेट मोजला. शिडीवरून किंवा उंचावरून पडताना माणूस जे धरतो, ते त्याच्या हातातून खेचून काढायला किती जोर लागतो, हे त्यांनी तपासलं. ही ‘सुटेपर्यंतची ताकद’ डायनॅमोमीटरच्या आकड्याशी जुळत नाही. आडवा दांडा धरला तर ती भरपूर असते, कारण बोटांचा आकडाच दांड्यावर अडकतो. त्याच आडव्या दांड्यावरचं घर्षण कमी केलं की ती घटते. आणि दांडा उभा असेल तर आणखीच कमी, कारण हात दांड्यावरून सरळ खाली घसरू शकतो. तिथे अडकायला काही नाही, सगळी मदार घर्षणावर.

उभा दांडा म्हणजे नेमकी आपली सासनकाठी. बांबूची साल आधीच गुळगुळीत, मेणचट. त्यात एकच सोय निसर्गाने करून ठेवली आहे, ती म्हणजे पेर. पेराच्या खाली मूठ बसली की हाताला वर सरकायला अडथळा येतो, पेराच्या वर बसली की खाली सरकायला. काठीचा भार पेलायला खाली आधार असतो, त्यामुळे हातांवर सगळं वजन येत नाही. पण दोरीवाल्याचं तसं नाही. त्याच्याकडे पेर नाही, आधार नाही. दोरी हातातून सरकली की संपलं.

गुलाल हाताला मदत करतो की घात?

व्यायामशाळेत वजन उचलणारे, कडे चढणारे हाताला पांढरी पूड चोळतात ना, मॅग्नेशियम कार्बोनेटची? मग गुलालही तेच काम करत असेल, असं वाटू शकतं. गंमत म्हणजे त्या पांढऱ्या पुडीबद्दलसुद्धा संशोधकांचं एकमत नाही. २००१ मध्ये झालेल्या एका प्रयोगात दगडावर पुडीने घर्षण वाढण्याऐवजी कमी झालं. २०१२ च्या दुसऱ्या प्रयोगात वाढलं. दोन्ही खरं असू शकतं, कारण पूड एकाच वेळी दोन उलट कामं करते. ती घाम शोषते, हा फायदा. आणि कातडी व वस्तू यांच्या मध्ये बारीक कणांचा थर बनवते, जो स्वतःच सरकतो. हा तोटा. हात किती घामेजलेला आणि थर किती जाड, यावर पारडं कुठे झुकणार ते ठरतं.

गुलालाचा पाया साधारणपणे स्टार्चची बारीक भुकटी असते. आणि स्टार्चची पूड माणसाने कशासाठी वापरली पाहा. शस्त्रक्रियेचे रबरी हातमोजे हातावर पटकन चढावेत म्हणून वर्षानुवर्षं मक्याच्या स्टार्चची पूड लावली जायची. म्हणजे घट्ट बसण्यासाठी नाही, सरकण्यासाठी! तोच हिशोब इथे लावला, तर पहिली चिमूटभर पूड घाम टिपते तोवर ठीक. मुठीवर मुठी पडत राहिल्या की कोरडा थर सरकायला लागतो. त्यात आणखी घाम मिसळला की लगदा होतो. तेव्हा दोरीवाला तळवा पुसतो ते काही स्वच्छतेसाठी नाही.

काहीजण दोरीला मनगटाभोवती एक वेढा देतात. हेही घर्षणाचंच काम. दोरी एखाद्या गोल वस्तूभोवती जितकी जास्त गुंडाळली जाते, तितकी तिला धरून ठेवायला लागणारी ताकद झपाट्याने कमी होते. बेरजेने नाही, पटीने. बंदरावर जहाजाचा दोर खुंटाला दोन-तीन वेढे देऊन एकटा माणूस रोखतो तो याच जोरावर. मात्र मनगट म्हणजे खुंट नव्हे. काठी एकदम कलली तर वेढा सुटत नाही आणि माणूस ओढला जातो. हात पुसून पुन्हा धरणं बरं.

कोल्हापूरला हे आधीपासून माहीत आहे

घर्षण कमी-जास्त करण्याची विद्या या मुलखात पुस्तकातून आलेली नाही. तालमीत जा. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मुरवलेली असते. कुस्ती लागायच्या आधी पैलवान माती उचलतो, स्वतःच्या अंगाला लावतो, समोरच्यालाही लावतो. घामाने निसरड्या झालेल्या अंगावर पकड बसत नाही, मातीने बसते. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिलंय. मॅटवरच्या कुस्तीत माती नाही, म्हणून तिथे नियम आहे की अंगाला तेलकट किंवा चिकट काही लावायचं नाही आणि घामाने निथळत मॅटवर यायचं नाही.

मल्लखांबाचं बरोबर उलटं. तिथे खांबाला एरंडेल तेल चोळतात. खांब खरखरीत राहिला तर उड्या आणि फिरक्या घेताना कातडी सोलवटून निघेल. थोडं सरकायला हवं, पण सुटायला नको. एकाच तालमीच्या आवारात एका ठिकाणी घर्षण वाढवायचं आणि दहा पावलांवर कमी करायचं. कुठे किती, हे वस्ताद हाताने सांगतो.

शेतावर बघा. कुदळ किंवा कुऱ्हाड हाणण्याआधी गडी हातावर थुंकतो. शहरातल्या मंडळींना किळस येते, पण त्यात शास्त्र आहे. घट्टे पडलेला कोरडा तळवा म्हणजे जवळपास लाकडासारखाच. थोडा ओलावा मिळाला की कातडीचा वरचा थर मऊ होतो, वस्तूच्या उंचसखल भागात बसतो आणि जास्त जागेवर टेकतो. त्यामुळे घर्षण वाढतं. एसटीचा कंडक्टर तिकिटं फाडताना बोट ओलं करायचा, बँकेतला कॅशियर नोटा मोजताना करतो, ते यासाठीच. पण ओलावा ‘थोडा’ हवा. पाण्याचा अखंड पापुद्रा तयार झाला की तोच वंगण होतो. कोरडं ठणठणीत नको, चिंब नको, मधलं हवं.

आणि इथे आपला एक ठाम समज मोडतो. खरखरीत म्हणजे घट्ट पकड, गुळगुळीत म्हणजे निसरडं, असं नेहमीच नसतं. स्वच्छ काचेवर किंचित ओलसर बोट टेकवून सरकवून पाहा. चिकटतं. कारण मऊ कातडी सपाट काचेवर पूर्ण टेकते. थोडा खरखरीतपणा आणला की टेकण्याची जागा घटते आणि घर्षण उलट कमी होऊ शकतं. खूप खरखरीत केलं की मग खाचा कातडीत रुतून पकड पुन्हा वाढते. बोटांवरच्या रेषासुद्धा पकड वाढवण्यासाठी असतात असं आपण समजत आलो. मँचेस्टरच्या संशोधकांनी २००९ मध्ये गुळगुळीत पृष्ठभागावर मोजलं तर त्या रेषांमुळे टेकण्याची जागा कमीच होत होती. रेषांचा उपयोग पाणी बाजूला काढायला, खडबडीत गोष्टींवर आणि स्पर्श ओळखायला होत असावा, असं आता मानलं जातं.

खाचांचं खरं काम ओल्यात असतं. पाण्याला निघून जायला वाट मिळते, जसं टायरच्या नक्षीत. म्हणून बाथरूमच्या नळावर खाचा हव्यात. आणि थंड पाण्याने भरलेला, बाहेरून घाम सुटलेला, चकचकीत सरळसोट स्टीलचा ग्लास ही हातासाठी जवळपास सगळ्यात वाईट वस्तू. आजीच्या तांब्याला गळा होता, बोटं तिथे अडकायची. आपण तो माळ्यावर टाकला आणि सरळ ग्लास आणले.

बोटं ०.१ सेकंदात काय वाचतात

आता मूळ प्रश्नाकडे. पृष्ठभाग असे शंभर प्रकारचे असताना आपण रोज कप फोडत का नाही?

याचं उत्तर स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठात रोलंड योहान्सन आणि गोरान वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये दिलं. प्रयोग दिसायला साधा होता. एक छोटी वस्तू, चिमटीत धरून उचलायची. तिच्या दोन बाजूंना कधी रेशीम लावायचं, कधी मऊ चामडं, कधी सँडपेपर. आतले सेन्सर बोटांचा दाब मोजणार.

दिसलं ते असं. रेशमाला माणूस जास्त दाबतो, सँडपेपरला कमी. आणि प्रत्येक वेळी दाब हा वस्तू निसटायला लागेल त्या मर्यादेपेक्षा थोडासाच जास्त असतो. फार जास्त नाही, नाहीतर हात दमेल, अंडं फुटेल. कमीही नाही. हा थोडासा जादा दाब म्हणजे आपण हातात ठेवलेली शिल्लक. पृष्ठभाग गुपचूप बदलला तर पहिल्या क्षणी दाब मागच्या अनुभवावरून येतो, म्हणजे मेंदू आधीची आठवण वापरतो. पण बोटं टेकल्यावर साधारण ०.१ सेकंदात दाब सुधारला जातो. माणसाला हे जाणवतही नाही. तळहाताच्या आणि बोटांच्या कातडीत स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार तंतू असतात. वस्तू खरोखर निसटायच्या आधी कातडीच्या कडेला ज्या बारीक सरकण्या होतात, त्या ते पकडतात आणि खबर पोहोचवतात.

मग त्यांनी बोटं बधिर केली. भूल देऊन. स्नायू जसेच्या तसे, ताकद पूर्ण. पण पृष्ठभागानुसार दाब बदलणं बंद पडलं.

डायनॅमोमीटर हातात दिला असता तर त्या बधिर बोटांनी तरीही झकास आकडा दाखवला असता.

माझ्या मामांचं हेच झालं होतं. नंतर एका डॉक्टरने त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा बारीक तंतू बोटांच्या टोकांना टेकवत विचारलं, ‘आता लागलं का?’ दहापैकी बऱ्याच वेळा मामा गप्प राहिले. रक्तातली साखर वाढलेली, बरीच वर्षं असावी. पायांची आग होते म्हणून ते तक्रार करायचे, हातांचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. हात दुबळे नव्हते. त्यांना ग्लास वाचता येत नव्हता.

स्पर्श गेलेला हात नेहमी वस्तू सोडतोच असंही नाही. कधी तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त आवळतो. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेले आणि पुढे कुष्ठरोग्यांच्या हातांवर काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. गंजलेलं कुलूप त्यांना स्वतःला उघडेना. एका कुष्ठरोगी मुलाने किल्ली घेतली आणि झटक्यात फिरवली. ब्रँड चकित झाले, तेवढ्यात त्यांना जमिनीवर रक्त दिसलं. किल्लीच्या कडेने मुलाचं बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. अशा प्रसंगांतून ब्रँड यांच्या लक्षात आलं की कुष्ठरोगात बोटं झडतात ती रोग थेट खातो म्हणून नव्हे, तर दुखणं कळत नसल्याने रोजच्या वापरात झिजतात, कापतात, भाजतात. आपल्याकडे चहाचं भांडं चिमट्याशिवाय उचलणाऱ्या मधुमेही माणसाचं कौतुक होतं, ‘काय हात आहेत!’ म्हणून. त्याला तपासायला न्या.

वय झालं की आणखी एक गोष्ट होते. तळहाताची कातडी कोरडी पडते, घाम कमी येतो, म्हणजे तेच भांडं म्हाताऱ्या हातासाठी अधिक निसरडं असतं. १९९१ मध्ये केली कोल यांनी हे दाखवलं: वयस्कर माणसं वस्तू जास्त जोराने धरतात, आणि त्यामागे कातडी निसरडी होणं हे एक कारण आहे. आजोबा पेला दोन्ही हातांनी घट्ट धरतात ते भीतीपोटी नाही. त्यांचा हात बरोबर हिशोब करतोय.

मग हाताची परीक्षा घ्यायची कशी?

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीमध्ये याची जाण आहे, म्हणून तिथे नुसतं दाबायला लावून थांबत नाहीत. १९६९ ची जेब्सन-टेलर चाचणी घ्या. त्यात लिहायचं, पत्ते उलटवायचे, क्लिपा-नाणी-झाकणं उचलायची, सोंगट्या रचायच्या, चमच्याने दाणे उचलायचे, रिकामे आणि मग भरलेले डबे हलवायचे, आणि प्रत्येकाला किती सेकंद लागले ते मोजायचं. नऊ भोकांच्या फळीत खुंट्या बसवायची चाचणी आहे. एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात इंचभराचे लाकडी ठोकळे एका मिनिटात किती टाकता, ही आणखी एक. स्वीडनचे शल्यचिकित्सक एरिक मोबर्ग यांनी १९५८ मध्ये सगळ्यात घरगुती युक्ती मांडली: टेबलावर रोजच्या छोट्या वस्तू पसरा, आधी डोळे उघडे ठेवून उचलायला लावा, मग मिटून. डोळे मिटल्यावर हात अचानक अडखळला, तर दोष ताकदीत नाही, स्पर्शात आहे.

मात्र या सगळ्या चाचण्यांची एक दुखरी बाजू आहे, आणि ती पुन्हा पृष्ठभागाचीच. ‘या वयाला इतके सेकंद’ अशी जी कोष्टकं असतात, ती विशिष्ट सामानावर तयार झालेली असतात. लाकडी खुंट्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या आल्या, कागदी लेबल लावलेल्या डब्याऐवजी गुळगुळीत पत्र्याचा डबा आला, ठोकळ्यांना चकचकीत रंग दिला, की परीक्षा बदलली. शेकडो हातांनी वापरून तेलकट झालेल्या खुंट्या आणि नव्याकोऱ्या खुंट्या एक नाहीत. मार्चमध्ये कोरड्या हाताने दिलेली चाचणी आणि जुलैच्या दमट हवेत दिलेली चाचणी शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ म्हणायचं असेल, तर जरा थांबावं लागेल. उपचाराने सुधारणा झाली की पावसाने, हे कोण सांगणार? शिवाय घाबरलं की तळहाताला घाम येतो, आणि परीक्षा म्हटलं की माणूस घाबरतोच.

म्हणून घरातल्या कुणाला अशा तपासणीला नेणार असाल तर साध्या गोष्टी बघा. चाचणीआधी हात धुवून नीट कोरडे केले आहेत ना, हाताला तेल किंवा क्रीम नाही ना. पुढच्या वेळी तेच सामान वापरणार का, हे विचारा. आणि नुसतं ‘हातातून वस्तू पडतात’ असं सांगू नका. कोणत्या पडतात ते सांगा. सगळ्याच पडतात की फक्त गुळगुळीत? ओल्या असताना की कोरड्याही? बघत असताना पडतात की बोलताना, टीव्ही बघताना, लक्ष दुसरीकडे असताना? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विशेष महत्त्वाचं, कारण स्पर्श गेलेला हात डोळ्यांवर चालतो. नजर हटली की ग्लास गेला. हात एकाएकी, एकाच बाजूचा दुबळा झाला असेल, तोंड वाकडं होत असेल किंवा बोलणं अडखळत असेल तर मात्र असली चौकशी करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. तो पक्षाघात असू शकतो.

घरी एक करून पाहण्यासारखं आहे. एकच स्टीलचा ग्लास घ्या. कोरडा धरा, मग बाहेरून ओला करून धरा, मग त्याला दोन रुंद रबरबँड चढवून धरा. बोटांवरचा ताण किती बदलतो ते तुम्हालाच जाणवेल. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नसेल तेव्हाही जोर लावण्याआधी झाकणाला रबरी मोजा किंवा जाड रबरबँड लावून बघा. तिथे फिरवण्याची ताकद थेट घर्षणावर ठरते. जो काम करू शकत नाही तो हात दुबळाच असेल असं नाही.

मामांची साखर आता आटोक्यात आहे. बोटांतला गेलेला स्पर्श पूर्ण परत येईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मामींनी घरातले सरळ ग्लास बाजूला काढले आणि माळ्यावरचे गळ्याचे तांबे-फुलपात्री खाली आणली, चहाला कानाचा कप दिला. तेव्हापासून फुटाफुटी जवळपास थांबली आहे. यंदा ते जोतिबाला आले होते, पण दोरी त्यांनी धरली नाही. भाच्याच्या हातात दिली आणि त्याच्या शेजारी कोरडा टॉवेल घेऊन चालत राहिले.